गिटारला न पेलणारा गंधार

हार्ड रॉकचा गिटारवादक अँपचा, म्हणजे ध्वनिवर्धकाचा, आवाज फाटेपर्यंत चढवतो, तेव्हा एक गोष्ट त्याच्या हातून निसटते: पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ. सा, ग आणि प एकदम छेडले की स्वर वेगळे ओळखू येईनासे होतात, उरते ती घरघर. म्हणून हार्ड रॉकचा मोठा भाग नुसत्या सा आणि प यांवर उभा आहे. गिटारवाले त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ऐंशीच्या दशकात याच मंडळींनी सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून स्वर घडवणारा की-बोर्ड (थोडक्यात सिंथ), जवळ केला. त्याची कारणं बहुतेक वेळा फॅशनमध्ये, एमटीव्हीमध्ये आणि खपाच्या आकड्यांमध्ये शोधली जातात. ती खरीही आहेत. मला मात्र त्यामागचं भौतिकशास्त्र जास्त मोलाचं वाटतं. त्या गाण्यांत सिंथ नेमका कुठे बसला आणि गिटारला कुठे सरकावं लागलं, हे त्यातूनच उलगडतं.

तारेकडून येणारा सिग्नल अँपला झेपेनासा झाला की लहरीचे माथे आणि तळ छाटले जातात. हेच डिस्टॉर्शन. छाटलेल्या लहरीत वरचे उपस्वर, म्हणजे मूळ वारंवारितेच्या तिप्पट, पाचपट, सातपट असलेले स्वर, एकदम ठळक होतात. एकच तार वाजत असेल तर याचा फायदाच होतो. आवाज भरदार होतो आणि बराच वेळ टिकतो. दोन तारा एकदम वाजल्या की मात्र दोन्ही लहरी एकत्र छाटल्या जातात, आणि त्यांच्या वारंवारितांच्या बेरजा-वजाबाक्यांमधून कुणीच न वाजवलेले स्वर जन्माला येतात.

आकडे घालून पाहू. गिटारची सगळ्यात जाड तार 82.4 हर्ट्झला लावलेली असते. हा आपला सा. त्याचा पंचम 123.5 हर्ट्झचा. दोहोंची वजाबाकी 41 हर्ट्झ, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. बेस गिटारची सगळ्यात जाड तारही याच स्वराला लावतात. दोन तारांचा पॉवर कॉर्ड छातीवर आदळतो तो या न वाजवलेल्या खर्जामुळे. बेरीज येते 206 हर्ट्झ, आणि तो आहे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार! तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचं गणितही हेच: मूळ स्वराच्या पाचपट.

आता पंचमाऐवजी गंधार वाजवू. पाश्चात्त्य गिटारच्या पडद्यांवर तो 103.8 हर्ट्झला पडतो. वजाबाकी 21 हर्ट्झ, कानाला जेमतेम जाणवेल अशी गुरगुर. बेरीज 186 हर्ट्झ, म्हणजे रिषभाच्या आसपास. शिवाय पडद्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. सा चा पाचवा उपस्वर 412 हर्ट्झला येतो आणि या गंधाराचा चौथा 415 ला. दोघं सेकंदाला तीन विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, निर्माण करतात. स्वच्छ गिटारवर हे उपस्वर क्षीण असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. डिस्टॉर्शन त्यांनाच वर काढतं. त्यात आणखी पंचम घातला की प्रत्येक जोडीची आपापली बेरीज-वजाबाकी सुरू होते आणि स्वरांचा चिखल होतो.

गंधार गाळल्याची किंमत मोठी असते, कारण कॉर्ड मेजर (शुद्ध गंधाराचा) की मायनर (कोमल गंधाराचा) हे तोच ठरवतो.

सत्तरच्या दशकात की-बोर्डवाल्यांकडेही याला पुरतं उत्तर नव्हतं. 1970 सालचा मिनीमूग हा सिंथ एका वेळी एकच स्वर काढी. डीप पर्पल या बँडचे जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवत. आवाज जबरदस्त होता, पण छाटणी तीच. क्वीनसारखा बँड तर आपल्या अल्बमांवर सिंथेसायझर वापरलेला नाही, असं अभिमानाने छापायचा. त्यांनीही 1980 च्या अल्बममध्ये ओबरहाइमचा सिंथ घेतला.

मधल्या काळात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाला होता. 1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथमध्ये त्याच्या मदतीने पाच स्वर एकदम वाजत आणि तयार केलेले आवाज स्मृतीत साठवता येत. प्रत्येक स्वराला स्वतंत्र ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा) आणि स्वतंत्र फिल्टर (नको ते उपस्वर गाळणारा) होता. आमच्या गोष्टीचा कणा हाच आहे. सा, ग, प हे तिन्ही आपापल्या वाटेने तयार होतात आणि शेवटी त्यांची फक्त बेरीज होते. इथे बेरीज लहरींची असते, वारंवारितांची नव्हे. नुसत्या मिसळण्यातून नवा स्वर निर्माण होत नाही, तो छाटण्यातून होतो. गिटारच्या अँपमध्ये न टिकणारा गंधार इथे निवांत उभा राहतो.

व्हॅन हेलनचं ‘जंप’ हे गाणं या दृष्टीने पुन्हा ऐकावं. लहानपणी पियानो शिकलेल्या एडी व्हॅन हेलनने ती सुरावट ओबरहाइम ओबी-एक्सए या सिंथवर वाजवली. खाली सी हा एकच स्वर धरलेला आणि वर एफ, जी, सी असे भरलेले मेजर कॉर्ड सरकताहेत. या सिंथमध्ये प्रत्येक स्वरासाठी दोन ऑसिलेटर असतात. ते एकमेकांपासून किंचित हलवले की संथ विस्पंद निर्माण होतात आणि आवाजाला जाडी येते. गिटारच्या कॉर्डमध्ये नकोसे होणारे विस्पंद इथे मुद्दाम, मोजूनमापून घातले जातात. आणि जगातल्या सर्वात चपळ गिटारवादकांपैकी एक असलेला हा माणूस त्या सुरावटीखाली गिटार जवळजवळ बाजूला ठेवतो, सोलोची वेळ आली की मगच झेपावतो. त्याचा हा संयम मला फार मोठा वाटतो. गाणं 1984 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

स्वीडनच्या युरोप या बँडची 1986 ची तुतारीसारखी सुरावट, ‘द फायनल काउंटडाउन’ची, एफ शार्प मायनरमध्ये आहे. वर पाहिलेला पॉवर कॉर्डचा आपोआप उमटणारा गंधार शुद्ध असतो. मायनरला हवा कोमल, आणि तो सांगायला दुसरं वाद्य लागतं. बँडच्या की-बोर्डवादक मिक मिकाएलीने त्यासाठी यामाहा टीएक्स816 आणि रोलंड जेएक्स-8पी ही दोन यंत्रं एकत्र वाजवली. पहिलं स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीचं, एका लहरीने दुसरीची वारंवारिता हलवून धातूसारखा झणझणीत आवाज काढणारं. दुसरं जुन्या, फिल्टरच्या पद्धतीचं, उबदार. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका की-बोर्डवरून वाजवण्याची सोय मिडीमुळे, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप धाडण्याच्या सामाईक पद्धतीमुळे, झाली होती. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेत तिचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं. तिचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एका स्वराचा निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद पुरतो.

कॅनडाच्या रश या त्रिकुटात याची दुसरी बाजू दिसते. गेडी ली गाणार, बेस वाजवणार, सिंथ वाजवणार आणि पायाने मूग टॉरसची पेडल दाबून खर्जही देणार. पण 1982 नंतर त्यांच्या गाण्यांत सिंथचे थर चढत गेले. एकाच वारंवारितेच्या पट्ट्यात दोन आवाज आले की मोठा आवाज लहानाला झाकतो, कारण आतल्या कानात दोघांसाठी पडद्याचा तोच तुकडा थरथरत असतो. भरगच्च सिंथ आणि भरगच्च गिटार यांची जागा नेमकी एकच, मधल्या पट्ट्यात. त्यामुळे अ‍ॅलेक्स लाइफसनची गिटार हळूहळू बारीक, चमकदार आणि वरच्या पट्टीतली होत गेली. ही कोंडी त्याने मुलाखतींत उघड बोलून दाखवली आहे. दशक संपताना, 1989 च्या अल्बमपासून, बँडने सिंथ कमी करून गिटार पुन्हा पुढे आणली.