बूद्वार छायाचित्रण

शयनगृहासारख्या खासगी जागेत, अंतर्वस्त्रांत, झिरझिरीत कपड्यांत किंवा अर्धवट अनावृत अवस्थेत काढलेले, सूचक पण उघडपणे लैंगिक नसलेले व्यक्तिचित्रण. अठराव्या शतकात फ्रान्समधील उमराव घराण्यांत बाईच्या निजायच्या खोलीला लागून तिची स्वतःची बैठकीची खोली असे. तिला बूद्वार म्हणत, त्यावरून हे नाव पडले. फॅशन, ग्लॅमर आणि नग्नचित्रण हे या प्रकाराचे सख्खे शेजारी असून त्यांच्यातल्या हद्दी पुसटच आहेत. आज त्याची खरी ओळख पटते ती व्यवहारावरून: पैसे चित्रातली व्यक्ती मोजते आणि चित्र तिच्याकडे राहते. हा व्यवहार रूढ झाला तो मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी अशी चित्रे काढवणारा, विकणारा आणि न्याहाळणारा बहुधा पुरुषच असे.

मांडणीचा साचा छायाचित्रणाच्याही आधीचा आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे आणि झाँ-ओनोरे फ्रागोनार यांच्या चित्रांतली लोडांची रास, चुरगळलेली चादर, पडद्याआडून येणारा उजेड, जणू कोणी अचानक आत आल्यासारखा प्रेक्षकाचा कोन, हे सारे पुढे कॅमेऱ्याने जसेच्या तसे उचलले. 1839 मध्ये डागेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या पट्टीवर छायाचित्र उमटवण्याची, प्रक्रिया जाहीर झाल्यावर थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये नग्नचित्रे तयार होऊ लागली. सुरुवातीच्या पट्ट्यांना लांबलचक एक्स्पोजर लागे, म्हणजे चित्र उमटेपर्यंत बराच वेळ न हलता राहावे लागे. उभ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावावा लागे, तर कोचावर पहुडलेल्या देहाला त्याची गरज नसे. आज कामुक वाटणारी ही मुद्रा त्या काळी सोयीचीही होती, हे विसरू नये.

ही चित्रे ‘अकादेमी’ या नावाखाली, म्हणजे चित्रकारांच्या अभ्यासाकरिता म्हणून विकली जात. हा बहाणा पूर्ण खोटा नव्हता: चित्रकार यूजेन दलाक्र्वा याने 1854 मध्ये यूजेन द्यूर्यो याच्याकडून मॉडेलची छायाचित्रे काढवून घेतली आणि त्यांवरून रेखाटने केली. पण गिऱ्हाइकांत चित्रकार किती आणि शौकीन किती, हे पोलिसही ओळखून होते. फेलिक्स-झाक मूलँ या छायाचित्रकाराला 1851 मध्ये अश्लील चित्रांबद्दल तुरुंगवास झाला.

या बाजारापासून सर्वस्वी वेगळे उभे राहणारे नाव म्हणजे कास्तिल्योनेची काउंटेस, व्हर्जिनिया ओल्दोइनी (1837–1899). फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची प्रेयसी म्हणून इतिहासात तिचा उल्लेख येतो. छायाचित्रणाच्या इतिहासात तिची जागा त्याहून मोठी आहे. 1856 पासून सुमारे चार दशके, मधल्या खंडांसह, पॅरिसच्या मेयेर आणि पिएर्सों या स्टुडिओतील पिएर-लुई पिएर्सों याच्याकडून तिने स्वतःची चारशेहून अधिक छायाचित्रे काढवून घेतली. पोशाख, मुद्रा आणि कॅमेऱ्याचा कोन ती ठरवी आणि छापांवर रंग कसे चढवायचे याच्या सूचनाही तीच देई. काही चित्रांत चेहरा जवळजवळ बाजूलाच ठेवून फक्त उघडे पाय दाखवले आहेत. प्रतिष्ठित घरच्या बाईचे पाय दिसणे त्या समाजात अकल्पनीय होते. एका प्रसिद्ध चित्रात तिने फोटोची लंबगोल चौकट डोळ्यासमोर धरली आहे आणि चौकटीतून तिचा एकच डोळा थेट आपल्याकडे रोखलेला आहे. कॅमेऱ्यामागे पिएर्सों असला, तरी या चित्रांची कर्ती तीच, असे आजचे बरेच अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. उतारवयात, शरीर थकल्यावरही, ती पुन्हा त्याच स्टुडिओत गेली. ती चित्रे पाहायला सोपी नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘फ्रेंच पोस्टकार्डां’नी ही शैली स्वस्त केली. झाँ अजेलू याच्यासारख्या छायाचित्रकारांनी रंगवलेला पडदा, आरसा, मोजे आणि फुलदाणी एवढ्या सामानात शेकडो कार्डे काढली. नाव पोस्टकार्डांचे असले, तरी ती उघडी टपालात पडत नसत.

त्याच सुमारास, 1912 च्या आसपास, अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरात अर्नेस्ट बेलॉक हा व्यावसायिक छायाचित्रकार स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीतील बायकांची चित्रे मोठ्या काचपट्ट्यांवर काढत होता. त्यांत कोणी रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत आहे, कोणी विवस्त्र. एक जण आडव्या पट्ट्यांचे मोजे घालून टेबलाशी निवांत बसली आहे आणि हातातल्या मद्याच्या ग्लासाकडे पाहते आहे. पोस्टकार्डातले ठरीव हसू इथे नाही. बायका आपापल्या खोलीत असल्यासारख्या दिसतात. काही पट्ट्यांवरचे चेहरे मात्र खरवडून काढलेले आहेत. या पट्ट्या पुढे छायाचित्रकार ली फ्रीडलँडरने विकत घेतल्या, स्वतः छापल्या आणि 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. पट्टी ज्याच्या हाती, चित्र त्याचे. त्या बायकांना विचारण्याचा प्रश्न तोवर उरलाच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात पिनअप, म्हणजे भिंतीवर टाचायची मोहक बायकांची, चित्रे सैनिकांच्या बराकींत पोचली. नंतरच्या काळात लक्षणीय ठरते ती बनी येगर. मियामीची ही मॉडेल स्वतःच कॅमेऱ्यामागे गेली आणि 1954 मध्ये तिने बेटी पेज या पिनअप मॉडेलची चित्रे काढली. त्यांपैकी नाताळची टोपी घातलेले एक ‘प्लेबॉय’च्या जानेवारी 1955 च्या अंकात आले. छायाचित्रकार बाई असली की मॉडेलचा आखडलेपणा कमी होतो, हा आज या धंद्यात सर्रास केला जाणारा दावा तिच्या कामात पडताळून पाहता येतो.

सामान्य जोडप्यांची अडचण तोवर वेगळीच होती: रोल धुवायला टाकायचा कुठे? लॅबवाला सगळे पाहणार. पोलरॉइडच्या झटपट कॅमेऱ्यांनी, विशेषतः 1972 च्या एसएक्स-70 ने, ही मधली नजर काढून टाकली. अमेरिकेत 1980 च्या दशकाअखेर मॉलमधल्या स्टुडिओंनी मेकअप, पिसांचा गळपट्टा आणि धूसर फिल्टर यांचे पॅकेज विकायला सुरुवात केली. डिजिटल कॅमेरा आल्यावर लग्नाचे छायाचित्रकारही या कामात उतरले. नवऱ्याला लग्नाआधी द्यायचा अल्बम ही पहिली ठरलेली मागणी. हळूहळू भेट स्वतःलाच देण्याकडे कल वळला: घटस्फोटानंतर, बाळंतपणानंतर, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर. शैलीही बदलली. धुक्याऐवजी खिडकीचा आडवा उजेड आला आणि पोटावरचे व्रण पुसायचे की ठेवायचे, हे ग्राहकाला विचारले जाऊ लागले. पुरुषांचीही अशी चित्रे निघतात, पण कमी.

भारतात या प्रकाराची सलग परंपरा नाही. तरी स्त्रियांच्या बंदिस्त जागेत कॅमेरा नेण्याचा एक जुना प्रयोग नोंदवण्याजोगा आहे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला. उंच भिंतींच्या आत पडदानशीन बायकांची चित्रे मिसेस केनी-लेव्हिक ही इंग्रज बाई काढत असे. ही चित्रे पूर्ण कपड्यांतली होती. साम्य आहे ते नजर कोणाची असावी या अटीत. देहाच्या छायाचित्रणावरचा गाजलेला खटला मुंबईतला: 1995 मध्ये बुटांच्या एका जाहिरातीसाठी प्रबुद्ध दासगुप्ता यांनी मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे अजगरासह काढलेले नग्न चित्र कोर्टात गेले आणि आरोपींची सुटका व्हायला 2009 उजाडले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियतकालिकात छापलेल्या एका नग्न छायाचित्राबद्दलच्या अवीक सरकार प्रकरणात केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, ती समाजाच्या समकालीन मापाने तपासावी, असा निर्वाळा दिला.

मुंबई, पुण्यातल्या ग्राहकाला मात्र अश्लीलतेच्या कलमापेक्षा फाइल फुटण्याची धास्ती जास्त. 2013 मध्ये दंड संहितेत आलेल्या कलम 354-क ने, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 ने, फोटो काढायला दिलेली संमती आणि तो इतरांना दाखवायची संमती वेगवेगळी मानली आहे. दुसरी नसताना स्त्रीचे असे चित्र पसरवणे हा गुन्हा ठरतो. म्हणूनच मूळ फाइल्स कोणाकडे राहणार, कधी पुसणार आणि नमुना म्हणून चेहऱ्याविना तरी वापरता येतील का, हे शूटिंगआधीच लेखी ठरवून घेणे शहाणपणाचे.