रवांडातील नरसंहार ‘पिढीजात वैरा’तून घडला नव्हता
१९९४ मध्ये रवांडात सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, ती तिथल्या हुतू आणि तुत्सी या दोन समाजांच्या पिढीजात वैरामुळे, हा समज चुकीचा आहे आणि घातकही, कारण त्यामुळे टाळता येण्याजोगी हत्या अटळ वाटू लागते. दोन्ही समाजांची भाषा एकच होती, आपसांत सोयरीकही होत असे. १९३० च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रांवर जमात नोंदवून ही विभागणी पक्की केली; पुढे तीच ओळखपत्रे नाक्यांवर तपासून तुत्सी माणसे वेचून मारण्यात आली. १९९४ च्या जानेवारीतच संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर यांनी शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कमधील मुख्यालयाला कळवली होती, मात्र छाप्याची परवानगी मिळाली नाही. आणि एप्रिलमध्ये, कत्तल चालू असतानाच, सुरक्षा परिषदेने ते सैन्य सुमारे २७० जणांपर्यंत घटवण्याचा ठराव केला.