आरटीआय अण्णांनी आणला? अर्धंच खरंय

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींमध्ये, राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत कुठेही विषय काढा, कोणीतरी ठासून सांगतंच की आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा कायदा, हे अण्णा हजारेंचं काम. अहो, 2011 चं रामलीला मैदानावरचं अण्णांचं उपोषण लोकपालसाठी होतं, आरटीआय तर 2005 मध्येच लागू झालेला! अण्णांचा वाटा आहेच, महाराष्ट्राच्या आधीच्या माहिती कायद्यासाठी त्यांनी उपोषणं केली, ते कोणी नाकारत नाहीये.

पण मूळ राजस्थानात. अरुणा रॉय 1968 मध्ये आयएएस झाल्या, काही वर्षांनी नोकरी सोडली, आणि निखिल डे, शंकर सिंह यांच्याबरोबर 1990 मध्ये देवडुंगरीत मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. भांडण मजुरीचं होतं, सरकारी कामांवर पैसे कमी मिळायचे आणि मस्टर रोल, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, बघायला मागितला की अधिकारी गुप्त कागद आहे म्हणायचे. मग 1994 मध्ये कोट किराना गावात जनसुनवाई झाली, म्हणजे सगळ्या गावासमोर रेकॉर्ड मोठ्याने वाचायचं आणि ज्याचं नाव त्यात आहे तोच उठून सांगणार की मी त्या कामावर गेलोच नव्हतो, तिथेच सगळी पोल खुलली. 1996 मध्ये माहितीच्या हक्कासाठीच ब्यावरला 40 दिवस धरणं.

एकट्या अरुणाजींनी आणला असंही नाही हं, तमिळनाडू आणि गोव्यात 1997 मध्येच राज्याचे कायदे झाले होते.

आणि अजून एक, आरटीआयच्या अर्जात कारण लिहावं लागतं हे पण खोटं. कलम 6(2) बघा, कारण विचारताच येत नाही.