मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची विषाणूंपासून सुरक्षितता

ज्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येतो ती मुक्तस्रोत. उबुंटू, डेबियन, फेडोरा, सी-डॅक या सरकारी संस्थेने घडवलेली बॉस ही लिनक्स कुटुंबातली नावे. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी ही युनिक्सच्या दुसऱ्या शाखेतली. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य नागपुरात कॉलेजच्या लॅबमध्ये ऐकू येते आणि बर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातही. ते अर्धे खरे आहे.

खरे अर्धे डोळ्यांनी पाहायचे असेल तर परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात जावे. पोरगा पेनड्राइव्ह लावतो आणि ओरडतो, ‘भाऊ, माह्या साऱ्या फायली शॉर्टकट झाल्या जी!’ विंडोजवर प्रत्येक फोल्डरच्या जागी एक-दोन केबीचा शॉर्टकट दिसतो. मूळ फोल्डर विषाणूने लपवलेले असतात. तोच पेनड्राइव्ह उबुंटूवर लावला की शॉर्टकट निर्जीव फाइली म्हणून दिसतात आणि शेजारी खरे फोल्डर जसेच्या तसे. कारण विंडोजची ‘लपवलेले’ ही खूण लिनक्स मानत नाही आणि विंडोजसाठी बांधलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल तिथे आपसूक चालत नाही. मात्र विषाणू पेनड्राइव्हवर असतोच. तो पुढच्या विंडोज मशीनपर्यंत पोचतो. क्लॅमएव्हीसारखा स्कॅनर लिनक्सवर ठेवायचा तो मुख्यतः या दुसऱ्याच्या मशीनसाठी.

संरक्षणाचा खरा पाया परवानग्यांचा आहे. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल परवानगी दिल्याशिवाय प्रोग्रॅम म्हणून चालत नाही आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड नसेल तर सिस्टीमच्या फाइलींना हात लागत नाही. एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर ही जादा पहारा ठेवणारी व्यवस्था असेल तर ज्यांच्यासाठी नियम आखले आहेत त्या प्रोग्रॅमना आपल्या कुंपणातच राहावे लागते. पण आपले फोटो, प्रबंध, दुकानाचे हिशेब आपल्याच मालकीचे असतात. ते नासवायला रूट लागत नाही. परवानग्यांवर विसंबून बॅकअप न घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरी जमेची बाजू म्हणजे भांडार: सॉफ्टवेअर कुठल्याही साइटवरून न घेता डिजिटल सही तपासून एकाच ठिकाणाहून येते. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या लिनक्सच्या संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा चोरवाट असलेल्या आयएसओ फाइलकडे (सिस्टीम बसवायच्या फाइलकडे) वळवला होता. म्हणून उतरवलेल्या आयएसओचा चेकसम (फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) आणि सही जुळवून पाहण्याची दोन मिनिटे वाचवू नयेत.

लिनक्सवर विषाणू झालेच नाहीत असे नाही. स्टाओग १९९६ मध्ये आला, ब्लिस १९९७ मध्ये. त्याआधी १९८८ च्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने बीएसडी युनिक्सवरची हजारो यंत्रे लुळी केली होती. आता लक्ष्य घरचा डेस्कटॉप कमी आणि सर्व्हर, राउटर, सीसीटीव्ही जास्त. २०१६ मधल्या मिराय या घातक प्रोग्रॅमने लिनक्सवर चालणारे कॅमेरे कंपनीने दिलेला पासवर्ड न बदलल्यामुळेच ताब्यात घेतले. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे, तरी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल बसवून लोक बँकेतले पैसे गमावतात. परवानगी तिथे माणूस स्वतःच देतो.

कोड उघडा असल्याने दोष लवकर सापडतात, हा युक्तिवाद तपासून घ्यावा असा आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष २०१२ पासून उघड्यावर होता. तो जगापुढे आला २०१४ च्या एप्रिलमध्ये. वाचायला मोकळीक होती, वाचणारे कमी पडले. उलट उदाहरण एक्सझेड यूटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचे. कोणीतरी दोनेक वर्षे विश्वास कमावून त्यात चोरवाट घातली. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले, तो खोदत गेला आणि चोरवाट सापडली. तोवर ती बहुतांशी चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचली होती. बंद कोडमध्ये बाहेरच्या माणसाला इतके खोलवर खणता आले नसते, हे मुक्तस्रोताचे सर्वांत मोठे बळ मानावे लागते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर जुन्या मशीनवर लिनक्स घालणे हा चांगला मार्ग आहे. पण उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीलाही नेहमीच्या दुरुस्त्या पाचच वर्षे मिळतात. एकदा लिनक्स घालून नंतर अपडेटकडे ढुंकूनही न पाहिलेल्या मशीनमध्ये जुनी भगदाडे तशीच उघडी राहतात.