मांजर बाहेर सोडणे आणि मांजर बाहेर नेणे

आमच्या इमारतीतील एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी मध्यंतरी मला सरळच विचारले, ‘तुमचा बोका दोरीवर फिरतो, आमची मनी आपली आपण फिरून येते, शेवटी दोघेही बाहेरच जातात, मग एवढा खटाटोप कशाला?’ प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. मांजर पाळणाऱ्या पुष्कळ घरांत ‘सोडणे’ आणि ‘नेणे’ या दोन क्रियापदांमधला फरक पुसट झालेला असतो. कोणाला दोरीने फिरवणे ही मोकळे सोडण्याची पहिली पायरी वाटते, तर कोणाला तो कुत्र्याच्या सकाळच्या फेरीचाच एक हौशी प्रकार वाटतो. मला या दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात, कारण या दोन गोष्टींत मांजराचे त्या जागेशी असलेले नातेच वेगळे असते.

मोकळे सोडलेले मांजर फिरायला जात नाही; ते आपल्या हद्दीवर जाते. गाल घासून, नखांनी खोड ओरबाडून आणि मूत्राचे फवारे मारून त्याने ती हद्द आखलेली असते. कोणत्या गाडीखाली सावली असते, जिन्यामागच्या कोणत्या पोकळीत कुत्र्याचे तोंड शिरत नाही, पलीकडच्या इमारतीतला काळा बोका कोणत्या वेळी भिंतीवर येतो, हे सगळे त्याला ठाऊक असते. एकच वाट दोन मांजरे वेगवेगळ्या वेळी वापरतात आणि भांडण टाळतात, हेही नित्य पाहायला मिळते. सहा देशांतील 925 पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या मांजरांचा वावर सरासरी 3.6 हेक्टर, म्हणजे सुमारे नऊ एकर क्षेत्रात आढळला आणि बहुतेक मांजरे घरापासून फार लांब जातच नव्हती. मात्र पुण्या-मुंबईच्या वस्तीतले नऊ एकर म्हणजे किती रस्ते, किती पार्किंग आणि किती कुत्री, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडून पाहावा.

दोरीवर नेलेल्या मांजराची गोष्ट अगदी उलट असते. ते हद्दीवर जात नाही, तर दुसऱ्यांच्या हद्दीत पाहुणे म्हणून जाते. बागेच्या प्रत्येक कोपऱ्यावर परक्या मांजरांचा वास असतो आणि त्यातला एकही त्याचा स्वतःचा नसतो. शिवाय संकट आले की मांजराकडे मुख्यतः दोन उपाय असतात, पळणे आणि उंचावर चढणे, आणि दोरी नेमके हेच दोन उपाय काढून घेते. काढून घेतलेल्या या दोन उपायांची भरपाई माणसाने करायची असते. आपण मांजराला फिरवत असतो म्हणण्यापेक्षा त्याच्यासोबत त्याची लपण्याची जागा उचलून नेत असतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. म्हणून फेरीला निघताना हातात दोरीइतकाच, किंबहुना दोरीपेक्षा अधिक, महत्त्वाचा असतो तो उघड्या दाराचा कॅरियर, म्हणजे मांजर नेण्याची पेटी, किंवा झाकणाची टोपली. ती जवळ जमिनीवर ठेवलेली असली की घाबरलेले मांजर आपोआप तिच्यात शिरते. ती नसेल तर ते आपल्याच खांद्यावर नखे रोवून चढते.

कुत्र्याच्या फेरीशी असलेले साम्यही येथेच संपते. कुत्रा आपल्याबरोबर चालतो. मांजराच्या बाबतीत आपल्याला त्याच्याबरोबर थांबावे लागते. अर्ध्या तासाच्या फेरीत आमचा बोका वीस मिनिटे जास्वंदीच्या एकाच झुडपाखाली बसून गवताचा वास घेतो आणि उरलेल्या दहा मिनिटांत जेमतेम पंधरा पावले टाकतो. येणारे-जाणारे ‘चालत का नाही?’ असे विचारतात. मांजर आडवे गेले म्हणून दोन पावले मागे सरणारे एक गृहस्थ आमच्याकडे अजून आहेत. हे मांजर दिवसेंदिवस कोणालाच आडवे जात नाही, हे पाहून आता त्यांनाच थोडे चुकल्यासारखे होत असावे.

साधनांतही हाच गोंधळ दिसतो. मोकळ्या सोडलेल्या मांजराच्या गळ्यातला पट्टा ही त्याची ओळख असते, आणि चांगला पट्टा ताण पडताच सुटावा अशाच रचनेचा असतो. नाहीतर तो फांदीत किंवा जाळीत अडकून फास बसायचा. याच पट्ट्याला दोरी लावून मांजर फिरवायला नेणे म्हणजे पहिल्याच हिसक्याला त्याला मोकळे करणे होय. आणि न सुटणारा पट्टा लावला, तर हिसक्याचा सगळा भार श्वासनलिकेवर येतो. नेण्यासाठी छातीभोवती आणि पोटाभोवती बसणारा हार्नेसच लागतो. तो अंग आणि पट्टी यांच्यामध्ये एक-दोन बोटे जेमतेम शिरतील इतका घट्ट हवा, कारण मांजराच्या गळपट्टीचे हाड माणसासारखे खांद्याला पक्के जोडलेले नसते. डोके शिरले की अंग शिरते आणि उलट पावली सरकत ते हार्नेसमधून सटकू शकते. दोरी नेहमी मांजराच्या मागच्या बाजूने धरावी, असे सांगतात ते याचसाठी. आपण समोर उभे राहून ओढले की मांजर मागे रेटा देते आणि सुटण्याची वाट आपणच त्याला दाखवतो.

पहिल्या दिवशी हार्नेस चढवला तेव्हा आमचा बोका दोन पावले टाकून फरशीवर एका अंगावर कलंडला आणि पुठ्ठ्यासारखा पडून राहिला. डोळे उघडे, शेपटी सरळ, जणू त्याचे पाय कोणी काढून घेतले होते. हे दुखणे नव्हे. अंगाला चारी बाजूंनी काही बिलगले की अनेक मांजरे अशीच गोठतात. रोज जेवणाआधी पाच मिनिटे हार्नेस घालून त्याच्यापुढे सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवायचा, एवढेच आम्ही केले. बाराव्या दिवशी तो तसाच चालत ताटापाशी आला. त्यानंतर आणखी एक आठवडा दोरी मागे लोंबकळत ठेवून घरात फिरू दिले आणि मगच दाराबाहेर नेले.

हा फरक मांजराला आणि मालकालाच नव्हे, तर कायद्यालाही दिसतो, याचे एक बोलके उदाहरण जर्मनीतील वॉलडॉर्फ या लहान शहरात मिळते. डोक्यावर तुरा असलेला एक दुर्मीळ होत चाललेला चंडोल तेथे जमिनीवर घरटे करतो. त्याची पिल्ले वाचावीत म्हणून मे 2022 मध्ये शहराच्या दक्षिण भागातील मांजरे ऑगस्टअखेरपर्यंत घरातच ठेवण्याचा आदेश निघाला. आदेश मोडल्यास 500 युरो आणि मांजराने चंडोलाला इजा केली किंवा मारले तर 50,000 युरोपर्यंत दंड होता. मात्र दोन मीटरपर्यंतच्या दोरीवर मांजर बाहेर नेण्यास मुभा होती. सोडण्यावर बंदी आणि नेण्यास परवानगी, अशी रेघ तेथे ओढली गेली. तिच्यामागचे कारण अमेरिकेतील 2013 च्या एका अंदाजावरून कळते: तेथील मोकाट आणि मोकळी सोडलेली मांजरे मिळून वर्षाला 1.3 ते 4 अब्ज पक्षी मारतात. त्यातील मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, हे मात्र पाळीव मांजरांच्या बाजूने सांगायलाच हवे.

आरोग्याच्या बाबतीत खरा फरक पडतो तो माहितीचा. मोकळ्या मांजराला दुसऱ्या बोक्याने चावले तर ते घरी येऊन सांगत नाही. दात खोल जातात, वरची कातडी लगेच मिटते, आणि दोन-चार दिवसांनी केसांखाली गळू वाढलेले हाताला लागते. तोवर ताप चढलेला असतो. दोरीवरच्या मांजराचे भांडण होण्याआधीच आपण मध्ये असतो. लसीकरण मात्र दोघांनाही सारखेच लागते. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित लस) आणि रेबीज या लसी पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही प्रकारे बाहेर जाऊ नये, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलेवरूनही घरात येतो. गोचिडांसाठी कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. अशा अनेक औषधांत असणारे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतते. बागेतली कण्हेर आणि लिली यांपासूनही दूरच ठेवावे.

कोकणात भाताच्या कणगीपाशी वावरणारे मांजर मोकळेच असायचे आणि त्याचे कामही तेच होते. त्याला कोणी दोरी लावली असती तर गाव हसले असते. त्या व्यवस्थेला मी चूक म्हणणार नाही. पण तेथेही नसबंदीवाचून सोडलेली मांजरी साधारण नऊ आठवड्यांत पिल्ले देते आणि त्या पिल्लांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. ज्यांना सोडायचेच आहे त्यांनी आधी नसबंदी करून घ्यावी आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून घ्यावी, आणि ही चिप म्हणजे जीपीएस नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ती फक्त एक क्रमांक सांगते, तोही कोणी स्कॅनर धरला तर.

सर्वांत वाईट म्हणजे दोन्हींची सरमिसळ. आज दोरीवर नेले, उद्या कंटाळा आला म्हणून दार उघडले, असे झाले की मांजर दाराला बाहेरचा रस्ता समजू लागते आणि कुरिअरवाला आला तरी पायांतून सुटते. म्हणून फेरीचे मांजर स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडत नाही, अशी शिस्त मी ठेवली आहे. ते कॅरियरमधून बाहेर जाते, बागेत उतरते आणि कॅरियरमधूनच परत येते; दाराशी ओरडले म्हणून कधीही निघायचे नाही.

एवढे करूनही एखादे मांजर प्रत्येक फेरीत पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून आणि शेपटी पोटाखाली घेऊन बसत असेल, तर त्याला फेरीची हौस नाही, हौस आपली आहे. त्याच्यासाठी गॅलरीला पक्की जाळी लावून कठड्यापाशी एक फळी ठोकावी. तेथून त्याला कबुतरे दिसतात, आणि कबुतरांना तेही दिसते.