एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टर: चढावर घसरायचं कोणी?

आत्याच्या गाडीतून काढलेली क्लच प्लेट मिस्त्रीने वर्तमानपत्रावर ठेवली. तिच्यावरचं अस्तर रिव्हेटांपर्यंत घासलं गेलं होतं. शेजारी प्रेशर प्लेट होती, आणि तिच्या गुळगुळीत कड्यावर खूप तापलेल्या स्टीलच्या भांड्याला येतात तसे निळे-जांभळे डाग पडले होते. गाडी घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आत्याने प्लेट बोटाने चाचपून पाहिली आणि मला विचारलं, "अगं, पण माझी गाडी ऑटोमॅटिक आहे ना? क्लचच नाही, तर क्लच प्लेट आली कुठून?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मॅडम, पैर के नीचे से हटा है, गाडी में से थोडी हटा है."

दोन पेडल असलेल्या प्रत्येक गाडीला आपल्याकडे सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. शोरूममधला मुलगाही आत्याला तेच म्हणाला होता: काकू, फक्त रेस आणि ब्रेक, बाकी सगळं गाडी बघते. त्याने एवढंच सांगून किल्ली हातात दिली याचा मला अजून राग आहे, कारण तिची गाडी होती एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टर बाहेरून जुळ्या बहिणी वाटतात, पण आतून त्यांचं एकमेकींशी नातंच नाही. एएमटीचं खरं नातं आहे मॅन्युअलशी. म्हणून आधी मॅन्युअलकडे जायला हवं.

इंजिन एकदा सुरू झालं की त्याला थांबून चालत नाही. गाडी उभी असली तरी मिनिटाला सात-आठशे फेरे ते मारतच राहतं. चाकांना मात्र आमच्या इंदूरच्या पलासिया सिग्नलला पूर्ण थांबावं लागतं. एक फिरतंय, दुसरं थांबलंय, आणि दोघांना जोडायचं आहे, तर मध्ये काहीतरी घसरणारं हवंच. मॅन्युअलमध्ये हे घसरणं क्लच प्लेट करते. इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, ती दाबली जाते, आधी घासत फिरते, मग पकडते.

बाबांनी मला गाडी शिकवली ती राजेंद्र नगरच्या रिकाम्या रस्त्यावर, पहाटे. पहिला आठवडा त्यांनी मला रेसला पाय लावू दिला नाही. फक्त पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि सीटखालून बारीक थरथर येते. "ही पकड. इथे पाय थांबव. ही जागा पायाने ओळखायची, डोळ्याने नाही," बाबा म्हणायचे. मॅन्युअल आवडणाऱ्या माणसाला काय आवडतं असं कोणी विचारलं, तर मी हीच जागा सांगेन. इंजिनची ताकद रस्त्याला कधी द्यायची आणि किती, हे तिथे आपल्या तळपायात असतं.

दुसरं म्हणजे मॅन्युअल चालवणारा पुढचं पाहून गिअर टाकतो. चढाच्या आधी ट्रक दिसला की आपण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, चढ लागायच्या आधीच. गाडीच्या कॉम्प्युटरला ट्रक दिसत नसतो. त्याला वेग कळतो, इंजिनचे फेरे कळतात आणि आपण रेस किती दाबली ते कळतं. त्यामुळे तो निर्णय घेतो तो आपल्यानंतर.

एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच प्लेट तीच, आतली दातेरी चक्रंही तीच. त्यावर बसवलेला असतो एक पंप, काही व्हॉल्व्ह आणि एक कॉम्प्युटर. क्लच दाबण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणारा एक छोटा दट्ट्या करतो आणि गिअर बदलण्याचं काम दुसरा. म्हणजे आपला डावा पाय आणि डावा हात यांच्या जागी यंत्र आलं, बाकी संसार तोच. आपल्याकडे ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली मारुतीच्या सेलेरिओने, फेब्रुवारी 2014 मध्ये. गिअरबॉक्स नवा करावा लागत नसल्यामुळे ती स्वस्त पडते: त्याच गाडीच्या मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नासेक हजार जास्त. ॲव्हरेजही कागदावर मॅन्युअलच्या जवळपास. ज्यांचं बजेट ताणलेलं आहे आणि गुडघे कुरकुरतात, अशा कितीतरी घरांत गाडी पुन्हा बाहेर निघू लागली ती एएमटीमुळे, आणि त्याचं मोल मला मोठं वाटतं. आत्याही त्यातलीच. तिने आठ वर्षं गाडीला हात लावला नव्हता.

एएमटीबद्दलची नेहमीची तक्रार असते झटक्याची. गिअर बदलताना क्लच सुटतो आणि क्षणभर इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. मॅन्युअलमध्येही तसंच होतं, पण तिथे क्लच आपणच दाबलेला असतो, त्यामुळे शरीर आधीच तयार असतं. एएमटीमध्ये तो क्षण आपल्याला न विचारता येतो आणि मान पुढे जाते. शिकाऊ चालकाच्या शेजारी बसलेल्याची जाते, अगदी तशीच. यावर साधा उपाय आहे. इंजिनचा आवाज चढला, आता गिअर पडणार असं वाटलं, की रेस किंचित सैल करायची. आठवडाभरात पायाला सवय होते. ओव्हरटेक करायच्या आधी लिव्हर एमवर (मॅन्युअलवर) घेऊन एक गिअर स्वतः खाली आणायचा, म्हणजे ट्रकच्या बरोबरीला आल्यावर गाडी विचार करत बसत नाही.

आता टॉर्क कन्व्हर्टर. घरात दोन टेबल फॅन असतील तर समोरासमोर ठेवून पाहा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात, आणि दुसऱ्याची पाती हाताने धरून ठेवली तरी पहिला बिनघोर फिरत राहतो. (हात लावायचा तो बंद पंख्यालाच, आणि मुलांना हे करू देऊ नका.) टॉर्क कन्व्हर्टरच्या बंद डब्यात हवेच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. इंजिन तेल भिरकावतं, तेल समोरचा पंखा फिरवतं. मध्ये तिसरं, लहान चक्र असतं, स्टेटर. परत येणारं तेल ते अशा कोनात वळवतं की ते पहिल्या पंख्याला अडवण्याऐवजी हातभारच लावतं. त्यामुळे गाडी जागची हलताना जोर इंजिनच्या जोरापेक्षा जास्त, जवळपास दुपटीपर्यंत, मिळतो. हरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजासाठी, वाफेच्या टर्बाइनचा जोर जहाजाच्या पंख्यापर्यंत नेण्यासाठी. मोटारीत ही कल्पना बऱ्याच वर्षांनी आली.

इथे घसरतं ते तेल. तेलाला अस्तर नाही, त्यामुळे झिजायलाही काही नाही. घसरण्याची सगळी उष्णता तेलात जाते आणि कूलरमधून बाहेर पडते. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर आतला एक लॉक दोन्ही पंख्यांना बांधून टाकतो, म्हणजे तेलात वाया जाणारी ताकद वाचते. गिअरही वेगळ्या जातीचे असतात: मध्ये सूर्य, भोवती ग्रह आणि बाहेर कडं अशी चक्रांची रचना. एक गिअर सुटता सुटता दुसरा धरतो, त्यामुळे ताकद तुटत नाही आणि मान हलत नाही. किंमत मात्र मॅन्युअलपेक्षा बहुतेक वेळा लाखाच्या वर जाते, आणि शहरात पेट्रोलही थोडं जास्त लागतं.

ए. बी. रोडवर संध्याकाळी गीता भवनपासून विजय नगरपर्यंत सरकत जायचं असेल तर या दोघींत फरक जाणवतो, पण गाडी बिघडण्याइतका नाही. ब्रेक सोडला की टॉर्क कन्व्हर्टर आपोआप पुढे सरकते. बऱ्याच एएमटीही सरकतात, फक्त त्या अर्धा क्लच धरून सरकत असतात. सपाटीवर हे चालून जातं. खरी परीक्षा चढावर होते.

आत्याचं नुकसान झालं ते भेरूघाटात. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि ओंकारेश्वर खाली निमाडात, त्यामुळे खंडवा रोडने जाताना उतार लागतो आणि परतताना चढ. श्रावणातला सोमवार होता. उत्तरेचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून या रस्त्यावर जवळजवळ दीड महिना गर्दी असते. चोरल मागे टाकून गाड्या वर चढत होत्या आणि पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. हातभर सरकायचं, थांबायचं. आत्याला ब्रेक सोडला की गाडी मागे जाईल अशी धास्ती होती. म्हणून तिने युक्ती काढली: रेस हलकी दाबून धरायची, गाडी चढावर जागच्या जागी उभी राहते, ना पुढे ना मागे. पाऊण तास ती तशीच उभी होती. डॅशबोर्डवर बीप वाजत होता, तो सीटबेल्टचा असेल असं आम्हा दोघींना वाटलं. मग जळक्या सुतळीसारखा वास आला. मी समजत होते तो पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा आहे.

मॅन्युअल गाडीत हेच केलं असतं तर? अर्ध्या क्लचवर पाऊण तास. कोणताही ड्रायव्हिंग स्कूलवाला दुसऱ्या मिनिटाला ओरडला असता. एएमटीमध्येही घडत होतं तेच, फक्त पाय आपला नव्हता म्हणून कळलं नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तसं धरून ठेवलं असतं तर तेल तापलं असतं. तेही चांगलं नाही, पण एका संध्याकाळीत प्लेट संपली नसती, कारण तिथे ती प्लेटच नाही. चढावर गाडी धरायचं काम दोन्हीकडे ब्रेकचं आहे. थांबलात की ब्रेक किंवा हँडब्रेक. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवून रेस द्या, गाडी पुढे ओढतेय असं जाणवलं की सोडा. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतं, ते ब्रेकवरून पाय काढल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं. तेवढ्यात निघायला हवं.

उताराला नियम एकच आणि तो जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) ठेवून ब्रेकवर पाय रोवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. एएमटीत एम आणि दुसरा गिअर, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एल (लो), 2 किंवा एम, गाडीत जे दिलं असेल ते.

पार्किंगमध्येही गफलत होते. टॉर्क कन्व्हर्टरला पी (पार्क) असतं, त्यात एक खिटी अडकून गिअरबॉक्सचा फिरणारा दांडा बंद होतो. एएमटीत बहुतेकदा पी नसतंच, आर-एन-डी-एम (रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, मॅन्युअल) एवढंच. तिथे गाडी एनमध्ये सोडून उतरलात तर ती केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते. गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक पक्का ओढायचा, मॅन्युअल गाडी चढावर लावताना करतो तसंच.

नावावरून ओळखायला जाल तर फसाल, विशेषतः जुनी गाडी घेताना. ब्रेझाचंच पाहा: 2018 ची डिझेल ऑटोमॅटिक एएमटी आहे आणि 2020 ची पेट्रोल ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टर. महिंद्राच्या एक्सयूव्ही 3एक्सओमध्ये तर एकाच वेळी पेट्रोलला टॉर्क कन्व्हर्टर आणि डिझेलला एएमटी आहे. मारुती एएमटीला एजीएस म्हणते. सीव्हीटी आणि डीसीटी अशा आणखी दोन जाती आहेत. पहिलीत पट्टा आणि कप्प्या असतात, दुसरीत दोन क्लच, आणि चढावरच्या जामात ती दुसरीही तापते. म्हणून शोरूममध्ये "ऑटोमॅटिक आहे का?" असं विचारू नका. "सुरुवातीला गाडी हलवते ती क्लच प्लेट की टॉर्क कन्व्हर्टर?" असं विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सर्व्हिसच्या माणसाला बोलवायला सांगा. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर संपवू नका. कंपन्यांना गाड्या तपासायला इथे जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्सचे ट्रॅक आहेत, आपल्याला एखाद्या रेल्वे पुलाचा चढ पुरे. अर्ध्यावर थांबा, निघा, पुन्हा थांबा.

मी स्वतः मॅन्युअल चालवते आणि पाय साथ देतील तोवर चालवेन. पण आत्याला कोणी "एएमटी विकून टाक" म्हटलं तर मी भांडेन. तिला टॉर्क कन्व्हर्टर परवडणारी नव्हती आणि गाडीवाचून घरात बसणंही. नवी प्लेट बसल्यावर पुढच्या रविवारी ती म्हणाली, "चल, मला तो हँडब्रेकचा चढ पुन्हा शिकव, तुझ्या बाबांनी तुला शिकवला होता तसा." आम्ही पुलावर गेलो. तिने गाडी अर्ध्यावर थांबवली, हँडब्रेक ओढला, ब्रेकवरून पाय काढला आणि रेस हळूच दाबली. आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं गेलं.

"हीच का गं ती पकड?" तिने विचारलं, आणि हँडब्रेक सोडला.