हवाई अंतर आणि उड्डाणवेळ (नाशिक–दिल्ली)

दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर म्हणजे हवाई अंतर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये सुतळी ताणून धरली, की ती आपोआप ज्या रेषेवर बसते तीच ही वाट. गणितात तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात.

नाशिकचा विमानतळ शहरात नाही. मुंबई–आग्रा महामार्गाने सुमारे २० किमीवर ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारात तो आहे. मिग आणि सुखोई लढाऊ विमाने जिथे बांधली गेली, तीच ही धावपट्टी. ओझर सुमारे २०.१२ उत्तर अक्षांशावर आणि ७३.९१ पूर्व रेखांशावर येते. दिल्लीचा विमानतळ २८.५६ आणि ७७.१० वर. एवढ्यावरून अंतर वहीत काढता येते. अक्षांशांतला फरक ८.४४ अंश, एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणजे उत्तरेकडे ९३७ किमी. रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे या पट्ट्यात त्यांचा एक अंश साधारण १०१ किमीच भरतो, ३.१९ अंशांचे ३२२ किमी होतात. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ केले की उत्तर येते सुमारे ९९० किमी. वैमानिक हेच सागरी मैलांत सांगेल: ५३५. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो.

ताशी ८०० किमी वेगाने हे अंतर सव्वा तासात कापता येईल. वेळापत्रक मात्र साधारण दोन तास दाखवते, आणि ते बरोबर आहे. चाकांखालचे ठोकळे काढून विमान हलले, तिथपासून ते पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. ओझरला विमान चटकन धावपट्टीवर पोहोचते. दिल्लीत उतरल्यावर जमिनीवरचाच प्रवास लांबतो, हिवाळी धुक्यात तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. दिल्लीची वाट उत्तरेकडून थोडी पूर्वेला कललेली, म्हणून जाताना त्यांचा किंचित रेटा मिळतो आणि येताना तेवढाच विरोध. ताशी १२० किमीचा वारा धरला, तर जाण्यायेण्यात सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. नाशिक–नागपूरची ५४५ किमीची वाट जवळजवळ सरळ पूर्वेला जाते. तिथे हाच वारा पाठीवर पूर्ण मिळतो.

नाशिककराच्या दृष्टीने खरा हिशेब घराच्या उंबऱ्यापासूनचा आहे. थेट विमान नसेल त्या वेळी मुंबई गाठावी लागते. हवाई अंतर जेमतेम १६० किमी, पण कसारा घाट आणि भिवंडीची वाहतूक धरून रस्त्याने चार तास सहज जातात. शिवाय मुंबई नैर्ऋत्येला, म्हणजे दिल्लीच्या जवळजवळ उलट दिशेला. तिथून दिल्ली सुमारे १,१४० किमी. विमानातला वेळ थोडाच वाढतो, दिवस मात्र अर्धा खर्ची पडतो. म्हणूनच ओझरची एक थेट फेरी वाढली किंवा बंद झाली, तर द्राक्ष निर्यातदारापासून परीक्षेला निघालेल्या मुलापर्यंत सगळ्यांचे वेळापत्रक बदलते. नाशिकरोडहून सायंकाळी निघून सकाळी दिल्लीला पोहोचवणारी राजधानी साधारण १५ तास घेते, आणि पुष्कळांना आजही तीच सोयीची वाटते.